देवी काढणे : दंडावरून दंडावर आलेली लस आणि पेण-रोह्याची वाट

१/
मराठीत ‘देवी काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ मुलाला देवीची लस टोचणे. ज्या रोगाला लोकांनी देवी मानले, त्यावरच्या उपायालाही त्यांनी तेच नाव दिले. आज हे शब्द वयस्कर माणसांच्या तोंडीच ऐकू येतात, कारण तो रोगच उरलेला नाही. हा धागा त्या शब्दांमागच्या इतिहासाचा आहे : मुंबईतील एका तीन वर्षांच्या मुलीपासून पेण-रोह्याच्या डोंगरातील वाड्यांपर्यंतचा. लस सापडली ही या कथेची अर्धी बाजू झाली. ती मुलापर्यंत कोणी, कशी आणि कोणाच्या जिवावर नेली, ही उरलेली अर्धी बाजू अधिक अवघड आहे.

२/
आधी रोगाविषयी. देवीचा उग्र प्रकार झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के रुग्ण दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत आणि अनेकांची दृष्टी जाई. हा रोग राजवाड्याचा दरवाजाही ओळखत नसे. ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी पन्हाळ्यावर नजरकैदेत असताना १७२६ मध्ये देवीनेच वारले. शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये दिल्लीत याच रोगाने गेले, तेव्हा त्यांना आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मूल देवीतून उठल्याखेरीज ते आपले म्हणू नये, ही भावना अनेक समाजांत होती. तिच्यामागे असा अनुभव होता.

३/
घरात देवी ‘येत’ किंवा ‘निघत’. क्रियापदही आदरार्थी बहुवचनाचे. रुग्णाच्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवत, फोडणी-तळण बंद होई, घरात मोठ्याने बोलणे टाळत. श्रावण शुद्ध सप्तमीला शीतलेचे व्रत करून शिळे, थंड अन्न खाण्याची चाल आजही अनेक घरांत आहे. पेण-रोह्याच्या पश्चिमेला, अलिबाग तालुक्यातील चौल येथे शीतलादेवीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मुंबईत माहीमला तसेच दुसरे आहे. या आचारांना केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण औषध नसलेल्या काळात रुग्णाला वेगळे ठेवणे, विश्रांती देणे आणि घरातील वर्दळ थांबवणे एवढेच माणसाच्या हाती होते. देवीच्या सोवळ्याने ते काही अंशी साधत असे.

४/
उपाय अगदीच नव्हता असेही नाही. बंगाल व ओरिसात ‘टीकादार’ देवीच्या रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी मुलाच्या त्वचेत टोचत. त्यामुळे बहुधा सौम्य देवी येत आणि पुढे संरक्षण मिळे. कलकत्त्याचा माजी गव्हर्नर जॉन होलवेल याने १७६७ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन छापले. पण ही लस नव्हे. यात खऱ्या देवीचेच विष वापरले जाई. टोचलेल्यांपैकी काही दगावत, आणि त्यांच्यापासून इतरांना देवी लागण्याचा धोका राही. हा फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढे त्यावरूनच एक मोठी गल्लत झाली आहे.

५/
१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमधील बर्कली येथे एडवर्ड जेन्नर याने एका गवळणीच्या हातावरील गोस्तन-देवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. फिप्स हा माळ्याचा मुलगा. गाईच्या या सौम्य रोगाने माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळते, हे जेन्नरने १७९८ मध्ये पुस्तिकेद्वारे मांडले. देवीचे विष न वापरता देवी टाळता येत होती. चार-पाच वर्षांत युरोपभर ही पद्धत पसरली. हिंदुस्थानात मात्र ती येईना. अडचण अंतराची आणि उन्हाची होती.

६/
त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. दोरा द्रवात भिजवून, वाळवून पाठवत; पण समुद्रमार्गाच्या अनेक महिन्यांच्या उष्ण प्रवासात तो निर्जीव होई. इंग्लंडहून आलेले असे प्रयत्न फसले. अखेर व्हिएन्नाचा डॉक्टर जाँ द कारो याने खुष्कीची वाट धरली. लोंबार्डीतील गाईंपासूनची लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तेथून बगदाद, पुढे बसरा अशी टप्प्याटप्प्याने सरकली. वाटेत ती मुलांना टोचून ताजी ठेवली जाई. बसऱ्याहून जहाजाने ती १८०२ च्या जून महिन्यात मुंबईला पोचली.

७/
१४ जून १८०२. मुंबईत टोचलेल्या मुलांपैकी एकाच मुलीच्या दंडावर लस नीट ‘धरली’. तिचे नाव अ‍ॅना डस्टहॉल, वय तीन वर्षे. हिंदुस्थानात जेन्नरची लस यशस्वीपणे घेतलेली ही पहिली व्यक्ती. आठवड्याने तिच्या दंडावरील फोडातून द्रव घेऊन आणखी पाच मुलांना टोचले. त्या पाचांपासून पुढे इतरांना, असे करत लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि त्याच वर्षी सिलोनपर्यंत गेली. या उपखंडातील पहिल्या लसीकरणाची साखळी या एका मुलीच्या दंडापाशी येऊन मिळते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तिचे नाव क्वचितच येते.

८/
ही ‘दंडावरून दंडावर’ पद्धत नेमकी कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विरोध समजत नाही. मुलाच्या दंडावर छोट्या सुरीने ओरखडा काढून द्रव लावत. साधारण आठव्या दिवशी तेथे टपोरा फोड तयार होई. त्याच वेळी त्याला टोचून आतला स्वच्छ द्रव काढावा लागे. दोन-तीन दिवस उशीर झाला की तो निरुपयोगी ठरे. म्हणजे दर आठवड्याला नवे मूल हवे. एका आठवड्यात मूल मिळाले नाही, तर साखळी तुटली आणि लस संपली. लशीची बाटली, बर्फ आणि पेटी या तिन्हींचे काम मुलांची शरीरे करत होती.

९/
हे केवळ हिंदुस्थानात घडले नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने अमेरिकेतील वसाहतींकडे लस पाठवली. त्या बाल्मिस मोहिमेच्या जहाजावर २२ अनाथ मुलगे होते. दर काही दिवसांनी दोघांना टोचायचे, त्यांच्यापासून पुढच्या दोघांना, अशा रीतीने अटलांटिक ओलांडला गेला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील हे एक मोठे यश मानले जाते, आणि ते खरेही आहे. पण जहाजावर कोणाची मुले चढवली गेली, हेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणायला आईबाप नव्हते, त्यांची.

१०/
आता वर उल्लेखलेली गल्लत. १८१९ मध्ये ‘मद्रास कुरियर’ या पत्रात असा मजकूर आला की गाईच्या फोडातील द्रव टोचण्याची विद्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, धन्वंतरीच्या नावावर, सांगितलेली आहे. हा दावा युरोपातील वैद्यकीय लेखनात शिरला आणि आजही समाजमाध्यमांवर फिरतो. प्रत्यक्षात तसा श्लोक असलेले जुने हस्तलिखित कोणालाही मिळालेले नाही. फ्रान्सिस एलिस या मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांनी लस घ्यावी म्हणून हा ‘प्राचीन’ पुरावा रचला, असे संशोधक मानतात. हेतू चांगला असला, तरी पुरावा बनावट. टीकादारांची परंपरा खरी. प्राचीन गोलसीची कथा रचलेली.

११/
मुंबई इलाख्यात १८२७ पासून लसीकरणाला निश्चित रचना मिळाली. फिरते टोचणारे नेमले गेले, प्रत्येकाला मुलूख नेमून दिला आणि वर देखरेखीसाठी युरोपीय अधीक्षक. दवाखान्यात बसून मुलांची वाट पाहण्याऐवजी टोचणाऱ्याने गावोगाव जायचे, हे या रचनेचे मुख्य सूत्र. ती ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली. लोकांच्या बोलीत हा माणूस ‘देवी काढणारा’ किंवा ‘देवी डॉक्टर’ झाला. सरकारच्या उतरंडीत त्याची जागा खालची होती. तरीही साऱ्या योजनेचे यश त्याच्या पायांवर अवलंबून होते.

१२/
हे पाय पेण-रोह्यात कोठे चालत असतील? अलिबागचे आंग्रे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पेण आणि रोहा हे त्यातील दोन तालुके. पश्चिमेला खाड्या, खाजणे आणि मिठागरे. बांध घालून समुद्रापासून राखलेली खारेपाटाची भातशेती. पूर्वेला सह्याद्रीच्या सोंडा आणि दाट रान. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका, मधे अंबा नदी आणि धरमतरची खाडी. मुंबईशी दळणवळण होड्यांनी चाले. पावसाळ्यात तेही मंदावे. रोह्यापर्यंत रेल्वे पोचायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

१३/
साहजिकच लसीकरणाचा हंगाम ठरलेला होता : साधारण ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात लस मंद पडे, पावसाळ्यात वाटा बंद. म्हणजे कोकणातील टोचणाऱ्याला भातकापणीपासून उन्हाच्या तडाख्यापर्यंतचे महिनेच मिळत. खारेपाटातील आगरी-कोळी गावे व पेण-रोह्याच्या बाजारपेठा त्याच्या वाटेवर येत. पण याच महिन्यांत डोंगरातील कातकरी कुटुंबे लाकूडतोड, कात आणि कोळशाच्या कामासाठी रानोमाळ फिरत. वाटा उघडत तेव्हाच वस्त्या उठत. टोचणारा आणि कातकरी मूल यांची गाठ पडणे दोघांच्या दिनक्रमातच बसत नव्हते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, थेट आजच्या काळात.

१४/
लोक लस का नाकारत? वसाहतकालीन अहवालांचे उत्तर ठरलेले असे : अज्ञान, पूर्वग्रह, देवीची भीती. पण मुलाच्या आईच्या जागेवरून पाहिले की निराळेच चित्र दिसते. अनोळखी सरकारी माणूस येतो आणि तान्ह्याच्या दंडावर जखम करतो. आठवड्याने पुन्हा येऊन तोच दुखरा फोड फोडून द्रव काढतो. कधी त्या मुलाला दुसऱ्या गावी नेण्याचा आग्रह धरतो. तो द्रव कोणत्या घरच्या मुलाकडून आला, हे सांगत नाही. मूल तापते, रडते. बदल्यात मिळते ते केवळ आश्वासन, आणि ते ज्या सरकारकडून येते ते एरवी सारा वसूल करायलाच दारात येते.

१५/
या भीतीला वैद्यकीय आधारही होता. एका शरीरातील द्रव दुसऱ्यात जाताना उपदंशासारखे रोग पसरू शकत, आणि युरोपात तशी प्रकरणे घडली होती. हिंदुस्थानात महारोगाचीही धास्ती होती. जातिभेदाने बांधलेल्या समाजात ‘कोणाच्या अंगातले पाणी’ हा प्रश्न येणे अटळ होते. यातील जातीचा पूर्वग्रह निंद्य होता हे खरे, परंतु विरोधाचे सर्व खापर त्याच्यावर फोडता येत नाही. इंग्लंडमध्येही १८५३ च्या सक्तीच्या कायद्यानंतर लसविरोधी चळवळ उभी राहिली, आणि १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. तेथे शीतलादेवी नव्हती. दंडावर सुरी आणि सुरीमागे कायदा, हे दोन्हीकडे समान होते.

१६/
कायदा येथेही आला. १८७७ मध्ये मुंबई शहरात बालकांना लस देणे सक्तीचे झाले. १८९२ मध्ये मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा झाला. सरकार ज्या भागांना तो लागू करील तेथेच तो चाले. पण विरोध खऱ्या अर्थाने ओसरू लागला तो तंत्र बदलल्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लस वासरांच्या त्वचेवर वाढवण्याची पद्धत रुळली. आता मुलाच्या दंडातून काही काढायचे नव्हते. मुंबई इलाख्यासाठी ही लस बेळगावच्या संस्थेत तयार होऊ लागली. ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव बेळगावात अजून प्रचलित आहे. मूल साखळीतील कडी राहिले नाही, फक्त लाभार्थी उरले.

१७/
याच सुमारास सुईवर राजकारणाची छाया पडली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात घरझडत्यांचा जाच आणि २२ जूनचा रँडवरील हल्ला घडला. सरकारी वैद्यक म्हणजे सरकारी जुलूम, हे समीकरण खोल रुजले. हाफकिन यांच्या नावाची परळची संस्था पुढे अनेक लशींचे माहेरघर झाली. लोकांचा विश्वास परत मिळायला मात्र दशके लागली.

१८/
देवी हा एकच शत्रू नव्हता. मराठीतील बालरोगांची नावे हाच एक दस्तऐवज आहे. ‘घटसर्प’ : गळ्यात करडा पापुद्रा धरून श्वास कोंडणारा रोग, ज्याच्या नावातच सर्प आहे. ‘डांग्या खोकला’ : खोकल्याची उबळ थांबतच नाही आणि शेवटी घशातून आवाज काढत श्वास ओढला जातो. ‘धनुर्वात’ : शरीर धनुष्यासारखे वाकवणारा. ‘गोवर’ तर घरोघरी माहीत. आजच्या वैद्यकीय पुस्तकातील लक्षणे या नावांत अगोदरच नोंदलेली आहेत. ज्यांनी ती दिली, त्यांनी ती लक्षणे आपल्या मुलांच्या अंगावर पाहिली होती.

१९/
धनुर्वाताविषयी थोडे अधिक. नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने कापली की तान्ह्याला तो होई. जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मूल दूध ओढणे थांबवी आणि ताठ होई. मराठी घरांत पाचव्या दिवशी ‘पाचवी’ पुजतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून घर जागते ठेवतात. बारसे होते ते बाराव्या दिवशी. या विधींचा उगम केवळ एका रोगात शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरी ज्या रात्री बाळाच्या भवितव्याच्या मानल्या गेल्या, त्याच नेमक्या या रोगाच्या रात्री होत्या. गरोदर मातांचे लसीकरण आणि सुरक्षित बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता-नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले.

२०/
स्वातंत्र्यानंतर देवीशी अखेरची लढाई सुरू झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम आला. लोकसंख्येच्या मोठ्या हिश्शाला लस दिली की रोग आपोआप संपेल, असा हिशेब होता. तो चुकला. कोट्यवधींना टोचूनही १९७४ मध्ये देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण आढळले आणि ३१ हजारांहून अधिक माणसे दगावली. सर्वाधिक झळ बिहारला बसली. टक्केवारी मोठी दिसत होती, पण जे वगळले जात ते प्रत्येक फेरीत बहुधा तेच लोक असत : झोपड्यांतले, फिरस्ते, आडवळणाचे.

२१/
१९७३ च्या उत्तरार्धापासून डावपेच बदलले. घरोघर जाऊन देवीच्या मुलाचे चित्र असलेले कार्ड दाखवायचे, ‘असा रुग्ण पाहिला का?’ असे विचारायचे, रुग्ण सापडला की त्याच्या दारावर पहारा बसवायचा आणि भोवतालच्या प्रत्येकाला टोचायचे. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस असे. ते वाढत १००० रुपयांपर्यंत गेले. दुहेरी टोकाची साधी सुई आणि उष्णतेत टिकणारी, गोठवून सुकवलेली लस हाताशी होती. तशी लस बनवणाऱ्या देशातील चार केंद्रांत बेळगावही होते. मे १९७५ मध्ये आसामात भारतातील शेवटची रुग्ण आढळली, आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. पेण-रोह्याचा जिल्हा तेव्हा ‘कुलाबा’च होता, ‘रायगड’ हे नाव १९८१ चे.

२२/
देवीच्या लढाईने एक धडा दिला : सरासरीवर समाधान मानू नये, सुटलेल्यांना शोधावे. १९७८ मध्ये बालकांसाठी विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर हे सहा रोग त्याचे लक्ष्य होते. ‘देवी काढणाऱ्या’ची जागा उपकेंद्रातील नर्सबाईंनी घेतली. लस आता २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखायची होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटीतून ती बर्फाच्या पिशव्यांसह निळ्या डब्यात निघते आणि खांद्यावरून वाडीवर पोचते. एके काळी मुलांची साखळी करत असे ते काम आता हा डबा करतो.

२३/
पोलिओच्या वेळी हाच धडा पुढे नेला गेला. डिसेंबर १९९५ मध्ये देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ‘पोलिओचा रविवार’, बूथ, दोन थेंब आणि करंगळीच्या नखावर शाईची खूण. नंतरच्या दिवसांत कार्यकर्त्या घरोघर, एस.टी. स्थानकांवर, बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर जात. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ-रुग्ण नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात दोन थेंबांइतकाच वाटा दारोदार फिरणाऱ्या पायांचा होता.

२४/
आता कातकरी मुलाकडे परत. पेण, रोहा, सुधागड या भागांतील अनेक कातकरी कुटुंबे आजही भातकापणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. काही घाटावर, काही पनवेलच्या बाजूला, काही राज्याबाहेर. परततात ती पावसाच्या तोंडावर. बाळाच्या लशी मात्र तारखेच्या हिशेबाने असतात : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. नोंद वाडीच्या उपकेंद्रात, मूल भट्टीवर, कार्ड झोपडीच्या आढ्यात. आशाताई वेळेवर वाडीत जाते, पण दाराला कडी असते. एकोणिसाव्या शतकातील चुकामुकीचीच ही नवी आवृत्ती आहे, आणि तिच्यात कोणाचाही लशीला विरोध नाही.

२५/
याचा परिणाम गोवर सर्वांत आधी दाखवतो. लस नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देतो. म्हणून साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित हवीत. समजा, एखाद्या तालुक्यात १०,००० मुले आहेत आणि ९,५०० जणांना लस मिळाली आहे. कागदावर लक्ष्य गाठले. पण उरलेली ५०० मुले तालुकाभर विखुरलेली नसतात. ती मोजक्या वाड्यांत आणि भट्ट्यांवर एकत्र असतात. तेथील टक्केवारी ९५ नसते, ती ५० किंवा ३०ही असू शकते. विषाणूला तालुक्याची सरासरी कळत नाही. त्याला शेजारचे मूल तेवढे कळते.

२६/
नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून लस मिळाली. मग कोविड आला आणि नियमित लसीकरणाची घडी विस्कटली. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराची साथ पसरली, भिवंडी आणि मालेगावलाही तिने गाठले, आणि लहान मुले दगावली. लस उपलब्ध होती, विनामूल्य होती आणि शोधाला अर्धशतक उलटून गेले होते. दाट वस्ती, सतत बदलणारा पत्ता, रोजंदारी बुडवून दवाखान्याची रांग धरण्याची अडचण. साखळी तुटली ती अशा जागी. गोवंडीची गल्ली आणि रोह्याच्या डोंगरातील वाडी यांत अंतर मोठे आहे. लशीच्या नकाशावर मात्र त्या शेजारी आहेत.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा केवळ दप्तरखान्यात मिळतो असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावरील वाटोळे, खोलगट वण पाहावेत. ते देवीच्या लशीचे. देवी संपल्यावर ती लस बंद झाली, म्हणून त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर ते नाहीत. तरुणांच्या डाव्या दंडावरचा छोटा वण क्षयाच्या लशीचा, म्हणजे बीसीजीचा. एका घरातील तीन पिढ्या शेजारी बसल्या की एका शतकाचे सार्वजनिक आरोग्य नजरेसमोर येते. आजी-आजोबांना ‘देवी काढायला कोण यायचे, कसे यायचे, तुम्ही पळायचा का?’ असे विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. सरकारी अहवालांत लस देणाऱ्याची बाजू भरपूर आहे. घेणाऱ्याची बाजू अजून घरोघर विखुरलेली आहे.

२८/
लशीच्या इतिहासात जेन्नर आणि हाफकिन यांची नावे राहतील, आणि ती राहावीत. त्यांच्याबरोबर तीन वर्षांची अ‍ॅना डस्टहॉल राहावी, नावे न उरलेली ती पुढची पाच मुले राहावीत, आणि खाड्या ओलांडून कुलाब्याची गावे तुडवणारा देवी डॉक्टरही राहावा. ‘लोक अडाणी होते म्हणून लस पोचली नाही’ हे वाक्य दोनशे वर्षे लिहिले गेले आहे. पेण-रोह्याच्या वाटा पाहिल्या की ते उलटे वाचावेसे वाटते : जेथे लस घेऊन कोणी वेळेवर आणि विश्वासाने दारात आले, तेथे लोकांनी बहुधा दंड पुढे केला. जेथे ती पोचली नाही, तेथे आधी वाटेची चौकशी करावी, माणसाच्या बुद्धीची नंतर. दिवाळीनंतर भट्टीकडे निघालेल्या गाडीत आजही काही तान्ही मुले असतात. त्यांचा पुढचा डोस कोणत्या गावी असेल, या प्रश्नाचे उत्तर अजून लिहायचे आहे.

(धागा समाप्त)